रमी बंद झाली, चाक फिरतंच आहे

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही, आपल्याकडे गल्लीतला स्पीडब्रेकर मंजूर व्हायला याहून जास्त दिवस लागतात. पैसे लावून खेळायची रमी, पोकर, फँटसी क्रिकेट सगळं एका फटक्यात बंद, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम ११ गायब झालं तेव्हा लोकांना पटलं की हे खरंच झालंय. आणि तेव्हापासून टीव्हीवरच्या चर्चेत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा एकच भांडण चालू आहे. एक पार्टी म्हणते गेमिंगने पिढीच्या पिढी वाया घालवली, मोबाईलवर जे जे हलतं ते सगळं बंद करा. दुसरी म्हणते ही इंडस्ट्री आहे, पोरांना नोकऱ्या मिळतात, सरकारने लोकांचा बाप होऊ नये. गंमत अशी की दोघांच्याही तोंडी 'गेमिंग' म्हणजे एकच वस्तू आहे. पुण्यात बनलेला 'राजी', लॉकडाऊनमध्ये आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी खेळलेला 'लुडो किंग', पगार बुडवणारं रमीचं ॲप आणि आठवीतल्या पोराच्या हातातला बॅटल रॉयल (शेवटी जो जिवंत उरेल तो जिंकला, असा मारामारीचा गेम), सगळं एकाच पोत्यात. असं पोतं घेऊन भांडायला बसलं की दोन्ही बाजू जिंकतात, कारण प्रत्येकाला आपल्या सोयीचा गेम आतून काढून दाखवता येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेम चांगला की वाईट, पोरगं किती तास खेळतं, खेळ डोक्याचा की नशिबाचा, हे तिन्ही प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा की हा गेम पैसे कधी मागतो आणि कसे मागतो. गेल्या दहापंधरा वर्षांत मोबाईल गेमची रचना बहुतेक यावरूनच ठरत आलेली आहे, लेव्हल किती अवघड ठेवायची, रोज कुठल्या वेळी नोटिफिकेशन टाकायचं, बक्षीस कुठे अडवून ठेवायचं, सगळं. म्हणून सरकारला हात घालायचा असेल तर तिथे घालावा. पैसे घेऊन आत काय आहे ते न सांगता पेटी विकणं, रुपयातला भाव लपवणं, आणि खेळणं थांबवलं की शिक्षा करणं, ही तीन कामं १८ वर्षांखालच्यांसाठी सरळ बंद करा आणि मोठ्यांसाठी उघड्यावर आणा. बाकी गेम ज्याला खेळायचे त्याला खेळू द्या.

आता तासांचं बघू, कारण आईबापांची खरी तक्रार तीच असते आणि ती खोटी नाही. रात्री दोनला पोराच्या खोलीत उजेड दिसतो, सकाळी शाळेला उठत नाही, मोबाईल काढून घेतला तर घर डोक्यावर घेतो, हे सगळं घडतं आणि ज्यांच्या घरात घडतं त्यांना 'मॉरल पॅनिक' (म्हणजे समाज बिघडला म्हणून उगाच घाबरणं) वगैरे शब्द ऐकवणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पण गेमिंग डिसऑर्डरला २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घेतलं, ते उगाच नाही. पण घड्याळ लावून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न आधी झालेला आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले, पोरं आईबापांच्या नंबरावरून लॉगिन करायला शिकली, शिवाय तो कायदा कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी होता आणि सगळी दुनिया तोवर मोबाईलवर गेली, शेवटी १० वर्षांनी त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. चीनने २०२१ मध्ये तर शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच एक तास ठेवला, त्यासाठी चेहरा स्कॅन करण्यापर्यंत मजल गेली, तेवढी यंत्रणा आपल्याला हवी आहे का ते आधी ठरवा. आणि तास हेच माप असेल तर नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ती रोज किती तास पटासमोर बसते हे कुणी काळजीने विचारलं होतं? नाही, आपण कौतुकाने विचारलं. म्हणजे तासांचा राग आपल्याला तासांसाठी येत नाही, त्या तासांत पोराला कोण आणि कशासाठी धरून ठेवतंय याची शंका असते म्हणून येतो. ती शंका बरोबर आहे, तिच्यावर काढलेला तोडगा चुकतोय एवढंच.

दुसरा जुना वाद डोकं की नशीब. आपल्या कोर्टांनी यात अर्धं शतक घालवलंय. १९५७ चा चमारबागवाला खटला म्हणजे मुंबई राज्याचीच गोष्ट, बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात शब्दकोड्याची बक्षीस स्पर्धा चालायची आणि तिचे ग्राहक मुंबईत भरपूर, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जुगार हा धंदा म्हणून संरक्षण मागू शकत नाही. मग १९६७ मध्ये त्याच कोर्टाने रमीला डोकं लागतं असं सांगितलं, आणि त्या एका वाक्यावर पुढे शेकडो कोटींची ॲप उभी राहिली. अमेरिकेत याहून मजेशीर प्रकार झाला. न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलवर (उतरत्या फळीवर गोळी सोडायचं नाण्याचं मशीन) बंदी घातली, महापौर ला गार्डिया स्वतः हातोडा घेऊन मशीन फोडताना फोटो काढून घ्यायचा. तेव्हा त्या मशीनला फ्लिपरच (बटण दाबून बॉल परत वर मारायचे दांडे) नव्हते, बॉल सोडला की तो जाईल तिकडे जाईल, म्हणजे बऱ्यापैकी नशीबच. फ्लिपर आले १९४७ मध्ये आणि खेळ बदलला, आता हाताला कौशल्य लागायला लागलं. बंदी मात्र १९७६ पर्यंत तशीच, शेवटी रॉजर शार्प नावाच्या माणसाने कौन्सिलसमोर मशीन लावून बॉल कुठल्या खाचेतून जाणार ते आधी सांगितलं आणि तिथूनच घालवून दाखवला तेव्हा लोकांना पटलं. खेळ कधीच बदलला होता, कायदा जुन्याच मशीनशी भांडत राहिला. आपला २०२५ चा कायदा या एका बाबतीत शहाणा आहे हे मान्य करायला पाहिजे, त्याने डोकं-नशीब हा घोळच काढून टाकला, पैसे लावून बदल्यात पैसे जिंकायची आशा असेल तर बंद, मग डोकं लागो की न लागो. रमीवाल्यांनी वर्षानुवर्षं ज्या भिंतीला पाठ लावली होती तीच पाडली. लोकांनी घरं गहाण टाकली, कर्ज काढली, काहींनी जीव दिला, तेव्हा ही बंदी आली याचं मला वाईट वाटत नाही.

पण त्या भिंतीच्या जागी जी नवी रेघ मारली ती जिंकलेल्या पैशावर मारली, आणि सगळा घोटाळा तिथे आहे. मुलांच्या गेममध्ये पैसे जिंकायचेच नसतात, फक्त घालायचे असतात. माझ्या भाच्याच्या मोबाईलवर एका बॅटल रॉयल गेममध्ये एक चाक आहे, नाव घेत नाही कारण असं चाक दहा गेममध्ये आहे. चाकावर दहा वस्तू, त्यातली एक खरी देखणी, गेममधल्या आपल्या माणसाला घालायचा ड्रेस, बाकीची भरताड. आधी तुम्हाला नको असलेल्या दोन वस्तू काढून टाकायला सांगतात, म्हणजे तुम्हाला वाटतं निर्णय आपल्या हातात आहे. उरल्या आठ. पहिला स्पिन अगदी स्वस्त, जवळपास फुकट म्हणावा असा. जे मिळालं ते चाकावरून जातं, दुसरा स्पिन थोडा महाग, तिसरा त्याहून, आणि शेवटचे दोनतीन स्पिन एवढे महाग की सगळ्यांची बेरीज कुठेही लिहिलेली नसते. कोपऱ्यात उलटं घड्याळ चालू, दोन दिवसांनी हा ड्रेस जाणार. मेनूच्या प्रत्येक चिन्हावर लाल ठिपका. भाचा मला समजावून सांगतो, "मामा, आठव्याला तर मिळतोच ना, गॅरंटी आहे." त्याचं गणित चुकलेलं नाही, मिळतोच. फक्त त्या ड्रेसची किंमत किती हे विचारलं तर त्याला सांगता येत नाही, आणि मलाही कागद-पेन घेतल्याशिवाय आलं नाही. हे चाक नव्या कायद्यात बसतं का? यात पैसे जिंकायची अपेक्षा नाही, तेव्हा गेम कंपनीचा वकील निवांत झोपतो.

आता कुणी म्हणेल की मुंबईच्या माणसाला हे काय सांगता, आम्ही मटका बघितलाय. तोच तर मला आठवतो. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणारा आकडा १९६० च्या सुमाराला बंद पडला आणि १९६२ मध्ये कल्याणजी भगत, मग दोन वर्षांनी रतन खत्री यांनी पत्त्यांवर आकडा काढायला सुरुवात केली. तीन पत्ते काढा, बेरीज करा, शेवटचा आकडा तो ओपन, थोड्या वेळाने तसाच क्लोज. मटका गिरणगावात पसरला तो त्याच्या रचनेमुळे. चार-आठ आण्यांपासून लावता यायचं, चिठ्ठी घेणारा चाळीच्या दारात, निकाल रोज, आणि एक गेला तर दुसरा आहेच. आज मोबाईल गेमचे डिझायनर ज्याला रिटेन्शन म्हणतात, म्हणजे माणूस परत परत येत राहणं, ते हेच. फरक सांगायचा तर मटक्याच्या बाजूने एक गोष्ट बोलावी लागेल. दहा आकडे, लागला तर साधारण नऊपट, हे गिरणीतल्या निरक्षर कामगाराला पण पाठ असायचं. आपण किती मूर्खपणा करतोय त्याचा भाव त्याला माहीत होता. चाकासमोर बसलेल्या पोराला तेवढंही माहीत नसतं, शक्यता लिहिलेली असली तरी तीन बटणं दाबून आतल्या पानावर बारीक अक्षरात, ०.६ टक्के वगैरे, आणि टक्केवारी पाचवीत शिकलेल्या पोराला ०.६ टक्के पोटातून कळत नाही, मोठ्यांना पण कळत नाही, नाहीतर लॉटरी चाललीच नसती.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आता घेतो. ते म्हणतात जुगाराची व्याख्या काय, पैसे लावून पैसे मिळणं, इथे मिळतो एक चित्रातला कोट, तो विकता येत नाही, बाजारात त्याला शून्य किंमत, मग जुगार कसला? शिवाय तो घातल्याने तुम्ही जिंकत पण नाही, नुसती नटण्याची हौस, साड्या घेणाऱ्याला कायदा का लावत नाही? मुद्दा तगडा आहे, इंग्लंडमध्ये सरकारने बरीच वर्षं हाच धरून ठेवला आणि नेदरलँड्समध्ये तर २०२२ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने बंद पाकिटं विकणाऱ्या फुटबॉलच्या गेमवरचा दंड रद्द केला, कारण काय तर पाकिटं हा वेगळा खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या खेळाचाच भाग आहे. पण साडी घेताना साडी दिसते हो. दुकानदाराने बंद पिशव्या मांडल्या, प्रत्येकीत कुठली तरी साडी आहे, पैठणी हजारातल्या सहांत, आणि पिशवी परत घेणार नाही असं म्हटलं तर त्या साडीला पुढे बाजारात भाव आहे की नाही हा प्रश्न आपण विचारू का? ग्राहक म्हणून फसवलं गेलं हे पुरेसं आहे. जपानने नेमकी हीच वाट घेतली. तिथे कम्प्लीट गाचा म्हणून प्रकार होता, नशिबाने निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण सेट जमवला तर मोठी वस्तू मिळणार, म्हणजे शेवटची एक वस्तू मिळवायला लोक वेड्यासारखे पैसे ओतायचे. २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक खात्याने तो बंद केला. जुगाराचा कायदा काढलाच नाही, बक्षिसांच्या आमिषाने माल विकण्याबद्दलचा जुना ग्राहक कायदा लावला. आणि जपानची गेम इंडस्ट्री बुडाली का? आजही निम्मं जग त्यांचेच गेम खेळतंय.

व्याख्येच्या नादी लागलं की काय होतं त्याचा ताजा नमुना युरोपातला आहे. 'बलात्रो' नावाचा गेम २०२४ मध्ये आला, एकट्या माणसाने बनवलेला, पोकरच्या पत्त्यांची चित्रं आहेत पण पैसे लावायचे नाहीत, एकदा विकत घ्या आणि आयुष्यभर खेळा. युरोपच्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने त्याला १८ चा शिक्का मारला, कारण पत्ते दिसले. त्याच वेळी खऱ्या पैशाने बंद पाकिटं विकणारा फुटबॉलचा गेम ३ वर्षांच्या पोराला चालेल म्हणून पास. बोंबाबोंब झाल्यावर २०२५ मध्ये बलात्रोचं वय १२ वर आणलं. जुगारासारखं दिसतं ते पकडायचं आणि जुगारासारखं वागतं ते सोडून द्यायचं, आपल्याकडच्या टीव्ही चर्चेत रोज हेच चालतं. २०२० मध्ये आपण पबजीवर बंदी घातली, कारण चिनी कनेक्शन, ते कारण आपल्या जागी ठीक असेल, पण २०२१ च्या जुलैमध्ये तोच गेम बीजीएमआय म्हणून परत आला तेव्हा पाटी बदलली होती आणि पेट्या तशाच होत्या, त्यांच्याबद्दल ना बंदीच्या वेळी कुणी बोललं ना परतीच्या वेळी.

दुसरा मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो गरिबांच्या बाजूने केला जातो आणि त्यात तथ्य आहे. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्या घरात कधी कॉम्प्युटर आला नसता त्या घरात आठ-दहा हजारांच्या फोनवर जगातल्या पोरांबरोबर खेळणारा गेम फुकट आला. साताऱ्याजवळच्या वाडीतला पोरगा आणि सोलमधला पोरगा एकाच मॅचमध्ये, त्याला तिकीट नाही. हे फुकट कशामुळे शक्य झालं? तर बहुतेक लोक एक रुपया देत नाहीत आणि थोडे लोक भरमसाठ देतात, धंद्यात त्यांना व्हेल म्हणतात, ते बाकीच्यांचा खर्च उचलतात. मग चाक बंद केलं तर वाडीतल्या पोराचा फुकट खेळ बंद, तुम्ही शहरी लोक नीतीच्या गप्पा मारा. बरं. पण व्हेल म्हणजे सगळे गर्भश्रीमंत असतात हे कुणी सांगितलं? ज्याला थांबता येत नाही तो पण व्हेलच, आईच्या खात्याला जोडलेला यूपीआय पिन पाठ असलेला पोरगा पण महिनाभर व्हेलच असतो. एकाच्या सवयीवर दुसऱ्याचा फुकटेपणा चालवणं याला समाजवाद म्हणायचं असेल तर दारूच्या महसुलावर शाळा चालवण्याचं कौतुक पण करा. आणि फुकट गेम पैसे सरळ मार्गाने कमवू शकतो. कोट हवा तर हा कोट, किंमत १४९ रुपये, घ्या किंवा नका घेऊ. हे तर आजही त्याच गेममध्ये शेजारच्या पानावर चालू असतं. मला कोट विकण्याबद्दल तक्रारच नाही. तक्रार डायमंडची, म्हणजे गेममधल्या नाण्याची आहे. रुपये देऊन डायमंड घ्या, डायमंडचा पॅक अशा आकड्याचा की वस्तू घेऊन थोडे उरतातच, पण उरलेल्यात काही येत नाही, म्हणजे पुढचा पॅक आला. वाण्याकडे सुट्टे नाहीत म्हणून हातात दोन चॉकलेटं टेकवतात ना, तसं, फक्त इथे वाण्याने वस्तूंचे भावच असे ठेवलेत की सुट्टे कधी जमूच नयेत.

माझ्या वयाचे लोक इथे मध्येच म्हणतात, अरे व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये आपण काय कमी पैसे घातले? एक-दोन रुपयांचं टोकन, 'मुस्तफा' लावायचा (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, ते कुणालाच माहीत नव्हतं), तिसऱ्या-चौथ्या स्टेजला बॉस, म्हणजे स्टेजचा शेवटचा शत्रू, एवढा कडक की टोकन गिळायलाच बसवलेला, खाली दहापासून उलटी गिनती, टोकन टाका नाहीतर गेलं सगळं. बरोबर आहे, ती पण पैसे काढायचीच रचना होती, आर्केड गेम अवघड असायचे त्याला गल्ला हेच कारण होतं. पण त्या मशीनला मी कोण हे माहीत नव्हतं. माझ्यासाठी आणि शेजारच्या पोरासाठी बॉस सारखाच कडक, टोकनचा भाव भिंतीवर लिहिलेला, खिसा रिकामा झाला की घरी, आणि नऊला शटर खाली. आता गेम सर्व्हरवर असतो. तू कुठे हरलास, कुठे चिडून बंद केलंस, किती दिवसांनी परत आलास, सगळं तिथे नोंदवलेलं, अर्ध्या लोकांना हिरवं बटण आणि अर्ध्यांना पिवळं दाखवून कुठल्याने जास्त पैसे आले ते बघतात आणि रात्रीत बटण बदलतं. गेल्या वीस वर्षांत गेममधला सगळ्यात मोठा तांत्रिक बदल मला ग्राफिक्सचा वाटत नाही, हा वाटतो, गेम विकून झाल्यावर पण रोज बदलता येतो आणि बदलणाऱ्याला तुमचा कच्चा चिठ्ठा दिसतो.

याचा कागदोपत्री पुरावा हवा असेल तर २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक कंपनीशी केलेली तडजोड बघा. एकूण ५२ कोटी डॉलर, त्यातले साडेसत्तावीस मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल आणि साडेचोवीस बटणांबद्दल. हो, बटणांबद्दल. आयोगाचं म्हणणं होतं की बटणांची मांडणी अशी गोंधळाची होती की गेम झोपेतून उठवताना, लोडिंग चालू असताना, किंवा वस्तू नुसती बघायला शेजारचं बटण दाबलं तरी खरेदी होऊन जायची, आणि बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागणाऱ्याचं खातंच लॉक व्हायचं. एकही पत्ता नाही, एकही चाक नाही, तरी ते पैसे ग्राहकांना परत द्यायला लावले. कोरियात २०२४ च्या जानेवारीत नेक्सॉन या गेम कंपनीला सुमारे ११६० कोटी वोनचा दंड झाला, कारण त्यांच्या मेपलस्टोरी या गेममध्ये पैसे देऊन घ्यायच्या वस्तूतून चांगली गोष्ट निघायची शक्यता त्यांनी गुपचूप कमी केली होती आणि लोकांना सांगितलंच नव्हतं. आमचं आम्ही बघतो, आमची स्वतःची आचारसंहिता आहे असं कंपन्या सांगतात तेव्हा मला हे आठवतं. आणि २२ डिसेंबर २०२३ चा दिवस. चीन सरकारने एक मसुदा टाकला की रोज लॉगिन केल्याबद्दल बक्षीस द्यायचं नाही, पहिल्या खरेदीला आमिष नाही, आणि त्या एका दिवसात तिथल्या बड्या गेम कंपन्यांपैकी टेन्सेंटचा शेअर १२ टक्क्यांच्या आसपास आणि नेटईजचा २५ टक्क्यांच्या आसपास कोसळला. पुढच्या महिन्यात मसुदा वेबसाइटवरून गायब. पोरांच्या तासांवर बंधनं घालून जे झालं नव्हतं ते एका 'डेली रिवॉर्ड'च्या उल्लेखाने झालं. पैसा कुठे आहे ते बाजाराला बरोबर कळतं, आपल्या पॅनेलवरच्या तज्ज्ञांना का कळत नाही?

गेम बनवणाऱ्यांवर सगळं ढकलून द्यायला पण मी तयार नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे आवडत नाही. डायब्लो ३ या गेममध्ये खऱ्या पैशाचा लिलाव बाजार होता, २०१४ मध्ये तो त्यांनी स्वतःच बंद केला, कारण राक्षस मारून वस्तू मिळवायची मजाच गेली, लोक थेट बाजारात जाऊन घ्यायचे. पण उलटं उदाहरणही आहे. निन्टेंडोने २०१६ मध्ये मारिओ मोबाईलवर आणला, पहिल्या काही लेव्हल फुकट, मग एकदाच १० डॉलर द्या आणि पुढे काही मागणार नाही. जगातला सगळ्यात लाडका गेम, लोकांनी कोट्यवधी वेळा डाउनलोड केला आणि १० डॉलर म्हटल्यावर शिव्या घातल्या. काहीच महिन्यांनी त्याच कंपनीने नशिबाने योद्धे निघणारा गेम काढला, त्याने मारिओपेक्षा जास्त कमावलं. आपण ग्राहक फुकट ते पौष्टिक म्हणतो आणि मग फुकटात विष का घातलं म्हणून ओरडतो. हा दोष आपला आहे, पण म्हणून तर नियम लागतो, एकट्या सज्जन दुकानदाराने भाव लिहून बसायचं आणि बाकीच्यांनी चाकं फिरवायची असं असेल तर सज्जनाचं दुकान बंद होणार.

इथेच 'नियम आले तर देशी स्टुडिओ मरतील' हा मुद्दा उलटा फिरतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 'राजी' बनवला, २०२० मध्ये आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळालं, आपल्या मातीतल्या गोष्टी, मंदिरं, रंगकाम, सगळं त्यात आहे. तो कन्सोल (खास गेम खेळायचं यंत्र) आणि कॉम्प्युटरवर आला, कारण एकदा पैसे देऊन गेम घेणारा माणूस तिथे सापडतो. आपल्या बहुतेक पोरांच्या हातात जे यंत्र आहे, म्हणजे मोबाईल, त्यावर असा गेम विकून जगता येणं अवघड, तिथली स्पर्धा 'चांगला गेम कोण बनवतो' अशी नाहीच, 'चाक कोण जास्त हुशारीने फिरवतो' अशी आहे आणि त्यात तीनशे डेटावाले बसवणारी परदेशी कंपनी जिंकणारच. लुडो किंग नवी मुंबईतून निघाला, जुना सोंगट्यांचा खेळ, मुख्यतः जाहिरातींवर वाढला, साधी रचना, त्यालाही कुणी अडवायचं कारण नाही. चाकाची स्पर्धा नियमाने बंद केली तर कल्पनेची स्पर्धा सुरू व्हायला जागा होते, आणि त्यात आपली पोरं कमी पडतील असं मला वाटत नाही.

अंमलबजावणीचं काय, हा शेवटचा आक्षेप आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या पेट्या म्हणजे जुगार असं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांनी ऐकलं, ओव्हरवॉच या गेमने तिथल्या पेट्या काढल्या, फिफा या फुटबॉलच्या गेमने २०१९ च्या सुरुवातीला पाकिटं घ्यायचे पॉइंट विकणं थांबवलं, गेम मात्र चालू राहिले, आभाळ कोसळलं नाही. पण २०२२ मध्ये एका अभ्यासकाने तिथले सगळ्यात जास्त कमावणारे १०० आयफोन गेम तपासले तर ८२ मध्ये पेट्या तशाच होत्या. एवढासा देश, तरी ही गत, मग आपल्याकडे काय होणार? माझं उत्तर असं की बेल्जियमने प्रत्येक गेमच्या मागे लागायचं ठरवलं आणि माणसं दिली नाहीत. आपल्याकडे गळा दोनच ठिकाणी आहे, गूगलचं स्टोअर आणि ॲपलचं स्टोअर, आणि पैसा बहुतेक यूपीआयवरून जातो. १८ खालच्या खात्याला पेटी दाखवायची नाही ही अट स्टोअरवर टाका, गेमवाला आपोआप सरळ येतो. आणि त्यासाठी संसदेत परत जायची पण गरज नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांबद्दल, नियम काढलेत, १३ प्रकार दिलेत, खोटी घाई, पुन्हापुन्हा टोचणं, पडद्यावरची फसवी मांडणी, भाव शेवटी उघड करणं, सगळं त्यात आहे, आजवर त्यावरची चर्चा विमानाची तिकिटं आणि ऑनलाइन खरेदी यांच्याभोवतीच जास्त झाली. भाच्याच्या गेममधलं ते उलटं घड्याळ, चढत जाणारा स्पिनचा भाव आणि न सुटणारे सुट्टे डायमंड त्या यादीसमोर ठेवून एक नोटीस काढा, आणि उत्तर देताना कंपनीने एवढंच लिहून द्यावं की चाकावरचा तो ड्रेस शेवटच्या स्पिनपर्यंत गेलं तर किती रुपयांना पडतो.